पावसाळ्यात लिनक्स सर्व्हर 'रीड-ओन्ली' होतो तेव्हा : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

मशीन चालू आहे, जुन्या नोंदी उघडतात, शोधलं तर सापडतात, पण नवीन काहीच सेव्ह होत नाही. ही या बिघाडाची सगळ्यात ठळक खूण. फोनवर बहुतेक वेळा असंच ऐकू येतं, "सर, कालपर्यंतचं सगळं दिसतं, पण आजची पावती जातच नाही." जोडीला पुढच्यांपैकी एक-दोन गोष्टी असतातच.

टर्मिनलवर कुठलीही फाइल लिहायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश येतो. टॅब दाबून फाइलचं नाव पुरं करायला गेलं तरी 'कॅनॉट क्रिएट टेम्प फाइल' म्हणून तीच तक्रार.

लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड बरोबर दिला तरी क्षणभर काळोख होतो आणि परत लॉगिनचाच पडदा येतो. पासवर्ड चुकला असेल तर तसा संदेश येतो, इथे तो येत नाही. हा फरक बघा.

मारियाडीबी (नोंदी साठवणारा डेटाबेस) सुरू होत नाही, प्रिंटर काम घेत नाही, अपडेट अर्ध्यावर थांबतं.

रीस्टार्ट केलं की एक-दोन दिवस सुरळीत जातात आणि पुन्हा लाईट जाऊन आली की तेच. शेवटी एके दिवशी मशीन वर येतच नाही. काळ्या पडद्यावर कंसात 'इनिटरॅमएफएस' (मूळ डिस्क उघडण्याआधी चालणारी तात्पुरती लहान सिस्टीम) हा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर, एवढंच उरतं.

गोव्यातल्या फोंडा, साखळी, वाळपई, पेडणे या भागांतली वाचनालयं, शाळा, देवस्थानांची कार्यालयं आणि लहान दुकानं यांचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. मे महिन्यातल्या पहिल्या गडगडाटापासून ऑक्टोबरातल्या संध्याकाळच्या विजांपर्यंत ही एकच तक्रार सगळीकडून येत राहते. चतुर्थीच्या सुट्टीनंतर कार्यालयं उघडतात त्या दिवशी तर हमखास. खाली लिहिलेला क्रम त्याच कामातून बसलेला आहे. फुकट आणि सोपं आधी, खर्चाचं आणि जोखमीचं शेवटी.

हे सगळं डेबियन, उबंटू आणि त्यांच्यावर आधारलेल्या वितरणांसाठी, ईएक्सटी४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) धरून लिहिलं आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत द्यायच्या.

मशीन असं का वागतं

ईएक्सटी४ स्वतःच्या रचनेत कुठलाही बदल करण्याआधी तो जर्नलमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, नोंदवतं आणि मग मूळ जागी लिहितं. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी चालू होताना ते जर्नल वाचतं, पुरं झालेलं काम जागेवर बसवतं आणि अर्धवट राहिलेलं सोडून देतं. म्हणून एरवी लाईट जाऊन आली तरी फाइलसिस्टीम सहीसलामत असते. फार तर शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं लिखाण जातं, कारण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवीन माहिती साधारण ३० सेकंदांपर्यंत मेमरीत धरून ठेवू शकतो.

घोळ होतो तो दोन कारणांनी. एक, डिस्कनं 'लिहिलं' म्हणून सांगितलेलं तिच्या स्वतःच्या कॅशमध्येच राहिलेलं असतं आणि वीज गेल्यावर ते पुसलं जातं. दुसरं, केबल, डिस्क किंवा रॅम यांतलं काहीतरी नादुरुस्त असतं आणि लिहिलेलं एक, वाचलेलं भलतंच असं होतं. अशी विसंगती सापडली की कर्नल पुढचं लिखाण थांबवतो. डेबियन-उबंटूचा इन्स्टॉलर एफएसटॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कशी जोडायची त्याची यादी) मूळ विभाजनासमोर, म्हणजे सिस्टीम असलेल्या पार्टिशनसमोर, 'एरर्स=रीमाउंट-आरओ' लिहून ठेवतो तो यासाठीच. चूक दिसली की वाचू द्यायचं, लिहू द्यायचं नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मशीन रीड-ओन्ली झालं त्या क्षणी तुमचा डेटा बहुतेक सगळा वाचता येतो आहे आणि तो आणखी बिघडू नये म्हणून कर्नलनं हात आवरता घेतला आहे. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू' ही आज्ञा देऊन मशीन पुन्हा लिहितं करा, असा सल्ला जो तो देतो. जर्नल बंद पडलं असेल तर कर्नल ही आज्ञा नाकारतो आणि ते बरंच आहे. नाकारली नाही, तर बिघडलेल्या नकाशावर नव्या नोंदी चढत जातात आणि नंतर दुरुस्तीच्या वेळी कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

रीस्टार्ट करण्याआधी

ही पायरी लोक गाळतात आणि म्हणून तोच बिघाड महिनोन्‌महिने फिरून येतो. फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली की लॉगसुद्धा डिस्कवर लिहिला जात नाही. बिघाडाचं कारण सांगणाऱ्या ओळी फक्त मेमरीत असतात. मशीन रीस्टार्ट केलं की त्या गेल्या.

म्हणून पहिलं काम, कर्नलचे संदेश दाखवणारी 'सुडो डीमेसेज -टी' (टी मोठ्या लिपीतली) ही आज्ञा चालवा आणि शेवटच्या दोन-तीन पडद्यांचे मोबाइलवर फोटो घ्या. '-टी' दिल्यामुळे प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि वेळ येते. ती वेळ लाईट गेली त्या वेळेशी जुळते का, हे कार्यालयातल्या माणसांना लगेच विचारून घ्या. ओळी साधारण तीन प्रकारच्या असतात. नुसतं 'ईएक्सटी४-एफएस एरर' आणि त्याखाली 'रीमाउंटिंग फाइलसिस्टीम रीड-ओन्ली' असेल तर संशय विजेवर. त्याच्या आधी 'एटीए१' किंवा 'एटीए२' ने सुरू होणाऱ्या ओळी आणि त्यांत 'आयसीआरसी' किंवा 'लिंक' हे शब्द असतील तर संशय केबलवर. 'मीडियम एरर', 'अनरिकव्हर्ड रीड एरर', 'यूएनसी' असं काही दिसलं तर डिस्कच गेली असं धरून चाला आणि सरळ डेटा वाचवायच्या कामाला लागा.

दुसरं काम, डेटाची प्रत. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क '/एमएनटी' वर माउंट करा, म्हणजे जोडा. मूळ विभाजन रीड-ओन्ली असलं तरी दुसरी डिस्क माउंट होते. मग 'आरसिंक -ए' ने होम, ईटीसी आणि जिथे तुमचं सॉफ्टवेअर नोंदी ठेवतं ते फोल्डर उतरवून घ्या. मारियाडीबी अजून चालू असेल तर डंप (सगळ्या नोंदींची एका फाइलमधली प्रत) काढून तो थेट बाहेरच्या डिस्कवर लिहा. बंद पडली असेल तर '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' हे अख्खं फोल्डर घ्या. त्यातल्या एकट्या तुमच्या डेटाबेसचं फोल्डर उचलून भागत नाही, कारण 'आयबीडेटा१' आणि लॉगच्या फाइली सोबत नसतील तर इनोडीबीची (मारियाडीबीच्या साठवणुकीच्या पद्धतीची) टेबलं उघडत नाहीत.

हे झाल्यावरच पुढे जा.

डिस्क भरली तर नाही ना?

फुकटची तपासणी. 'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय' या दोन्ही आज्ञा द्या. पहिली जागा दाखवते, दुसरी आयनोड, म्हणजे आणखी किती फाइली बनवता येतील ते. लाखो बारक्या फाइली साठल्या तर जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात. भरलेल्या डिस्कचा संदेश वेगळा असतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. घाईत कुणी तो नीट वाचत नाही आणि 'सेव्ह होत नाही' एवढंच फोनवर सांगतं.

मग 'फाइंडमाउंट' चालवून पर्यायांच्या रकान्यात 'आरओ' आहे की 'आरडब्ल्यू' ते बघा. एक सावधगिरी : '/टेम्प' मध्ये फाइल लिहून परीक्षा घेऊ नका. डेबियन १३ पासून '/टेम्प' मुळातच मेमरीत असतं, तिथे लिहिलं जाईल आणि तुम्हाला वाटेल मशीन बरं आहे. परीक्षा '/व्हार/टेम्प' मध्ये घ्या.

तारीख आणि मदरबोर्डवरची बॅटरी

'टाइमडेटसीटीएल' देऊन तारीख बघा. ती काही वर्षं मागे असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. चालू होताना फाइलसिस्टीमवरची शेवटची वेळ 'भविष्यातली' दिसते आणि तपासणी त्यावर अडून बसू शकते. इंटरनेट असलं तर मशीन थोड्या वेळानं वेळ दुरुस्त करून घेतं, त्यामुळे दुपारी बघायला गेलात तर सगळं ठीक दिसतं. म्हणून सकाळी पहिल्यांदा चालू करताना बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन बघा. बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. नवीन असते तेव्हा ती ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली गेली असेल तर बदलून टाका.

वीज : इथे वेळ घालवा

माझ्या अनुभवात बहुतेक मशीनचं दुखणं इथेच असतं आणि इथेच कुणी बघत नाही, कारण 'यूपीएस आहे' एवढ्यावर सगळे निर्धास्त असतात. यूपीएस असतो, त्यातली बॅटरी मेलेली असते.

लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिसं-आम्लाची बॅटरी असते. ती साधारण दोन-तीन वर्षं धड चालते आणि उष्णतेत आणखी लवकर संपते. तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, वर जुन्या वह्यांचा गठ्ठा, अशी यूपीएसची जागा असते. मग तो वीज असेपर्यंत हिरवा दिवा दाखवतो आणि वीज गेली की दोन सेकंद टिकतो.

परीक्षा अशी घ्या. सर्व्हर रीतसर बंद करा. यूपीएसला दोन जुने मॉनिटर किंवा शंभर वॅटचा साधा बल्ब लावा, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि घड्याळ लावा. एवढ्या भाराला दहा मिनिटांच्या आसपास टिकला तर ठीक. पाच मिनिटांच्या आत गप्प झाला तर बॅटरी बदला. चालू सर्व्हर लावून ही परीक्षा घ्यायची नाही.

यूपीएसऐवजी घरगुती इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. 'इको' आणि 'यूपीएस' असे दोन पर्याय असतील तर ते 'यूपीएस' वर हवं. संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) वीज गेल्यावर पूर्ण भाराला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशा मापानं बनवलेला असतो. इको मोडमध्ये इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, संगणक मात्र रीस्टार्ट होतो.

वीज हेच कारण आहे याचा पुरावा डिस्क स्वतः ठेवते. एनव्हीएमई डिस्कवर (मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडी) 'स्मार्टसीटीएल -ए' ही डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा दिली की 'अनसेफ शटडाउन्स' असा आकडा येतो. सॅटा केबलनं जोडलेल्या डिस्कवर १९२ क्रमांकाचा 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट' बघा आणि तो १२ क्रमांकाच्या 'पॉवर सायकल काउंट' शी ताडून पाहा. दोन्ही आकडे हातात हात घालून वाढत असतील तर मशीन रीतसर बंद होतच नाही, दर वेळी तोंडावर आपटतं आहे.

आता बायोसमधली एक सेटिंग, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. सोय म्हणून बरेच जण तो 'पॉवर ऑन' वर ठेवतात, म्हणजे वीज आली की सर्व्हर आपोआप सुरू. पावसाळ्यात वादळी संध्याकाळी वीज एकदा जाऊन येत नाही. जाते, येते, पुन्हा जाते. दर वेळी मशीन उठतं, जर्नल वाचून दुरुस्ती करायला घेतं आणि त्या दुरुस्तीच्या मध्येच पुन्हा आडवं होतं. कार्यालयात माणूस येणारच असेल तर हा पर्याय 'पॉवर ऑफ' वर ठेवा आणि सकाळी हातानं बटण दाबा. सर्व्हर जिथे दिवसभर माणसांसाठीच आहे तिथे मी हेच करतो आणि या एका बदलानं कितीतरी ठिकाणची तक्रार कायमची थांबली आहे.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर डेबियनमधलं 'नट' पॅकेज, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवा. बहुतेकांना 'यूएसबीएचआयडी-यूपीएस' हा ड्रायव्हर चालतो, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना 'नटडीआरव्ही_क्यूएक्स' लागतो. बॅटरी उतरली की 'यूपीएसमॉन' मशीन रीतसर बंद करतं. पोर्ट नसेल तरी मार्ग आहे. एक जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीतल्या प्लगवर लावा. सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर मिनिटाला त्याला पिंग करणारी, म्हणजे 'आहेस का' असं विचारणारी, छोटी स्क्रिप्ट ठेवा. सलग तीन वेळा उत्तर आलं नाही की वीज गेली असं समजून 'सिस्टीमसीटीएल पॉवरऑफ'. एकटा राउटर अडकला तर सर्व्हर विनाकारण बंद होईल, म्हणून भिंतीवरची दोन उपकरणं धरा आणि दोन्ही गप्प झाली तरच बंद करा.

अर्थिंगचा प्रश्न वेगळा आणि गंभीर. जांभ्या दगडाच्या सड्यावर बांधलेल्या इमारतीत चांगली अर्थिंग मिळणं मुळातच कठीण, त्यात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर संगणकाचं काम तिथेच थांबवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. मल्टिमीटर घेऊन सॉकेटमध्ये स्वतः खटपट करू नका. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढा. छतावरून आलेल्या तारेतून येणारा झटका यूपीएस अडवत नाही.

केबल आणि कनेक्टर

मोरजी, हरमल, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या जागी ही तपासणी विजेच्याही आधी करा. खाऱ्या वाऱ्यात कनेक्टर लवकर खराब होतात. मशीन बंद करून, प्लग काढून, कॅबिनेट उघडा आणि सॅटा केबलचं टोक उजेडात धरा. आत सात बारीक सोनेरी पट्ट्या ओळीनं दिसायला हव्यात. एखादी काळपट पडली असेल, कडेला पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल, तर घासत बसू नका. केबल बदला. शे-दीडशे रुपयांचं काम आहे. जमलं तर धातूची चाप असलेली घ्या, ती पंख्याच्या थरथरीनं ढिली होत नाही. डिस्कला वीज देणारं कनेक्टरही काढून पुन्हा घट्ट बसवा.

केबलचा दोष आकड्यात दिसतो. 'स्मार्टसीटीएल -ए' मधला १९९ क्रमांक, 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट'. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळे तो मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्यानं पुन्हा बघा. थांबला असेल तर दुखणं सापडलं.

सर्व्हर जमिनीवर ठेवू नका आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात बंद खोलीत आठवडाभर पडून राहिलेलं मशीन सुरू करण्याआधी खिडक्या उघडून पंखा लावून खोली थोडी सुकू द्या.

डिस्कची तब्येत

'स्मार्टमॉनटूल्स' हे पॅकेज प्रत्येक सर्व्हरवर आधीच बसवून ठेवा. बिघाड झाल्यावर बसवू म्हणाल तर रीड-ओन्ली मशीनवर ते बसणार नाही, लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स सुरू होतं असा) शोधत बसावं लागेल.

'स्मार्टसीटीएल -एच' (एच मोठ्या लिपीतला) चं 'पास्ड' हे उत्तर पुरेसं समजू नका. मरणाच्या दारातल्या डिस्कसुद्धा 'पास्ड' म्हणतात. तीन ओळी महत्त्वाच्या : ५ क्रमांक, म्हणजे बदललेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, आणि १९८, म्हणजे सुधारता न आलेले. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा बघायचा. १९७ शून्य नसेल तर ही डिस्क दुरुस्त करत बसण्याच्या लायकीची राहिली नाही असं मी धरतो. ५ चा आकडा लहान आणि स्थिर असेल तर डिस्क काही काळ चालेल, पण तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका. 'स्मार्टसीटीएल -टी शॉर्ट' ही दोन मिनिटांची चाचणी आधी, मग 'लाँग' ही काही तासांची.

एसएसडीचं निराळं. आयुष्य संपलं की काही एसएसडी स्वतःच लिहिणं बंद करतात. 'एलएसबीएलके' दिल्यावर 'आरओ' च्या रकान्यात १ दिसला तर डिस्कच लिहू देत नाही, फाइलसिस्टीमची दुरुस्ती तिथे निरुपयोगी. रास्पबेरी पायच्या कार्डांचंही तसंच होतं. प्रत काढा, कार्ड बदला.

फाइलसिस्टीमची दुरुस्ती

इथपर्यंत आल्यावरच एफएससीकेचं, म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणाऱ्या आज्ञेचं, नाव घ्यायचं. कारण सरळ आहे. केबल सदोष असताना किंवा डिस्क मरत असताना एफएससीके चालवलं तर ते चुकीचं वाचून चुकीचं दुरुस्त करतं. माउंट असलेल्या विभाजनावर तर कधीच चालवू नका, रीड-ओन्ली माउंट असलं तरी नको. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा.

आधी 'ईटूएफएससीके -एफ -एन', हे ईएक्सटी४ चं एफएससीके. '-एन' मुळे ते काहीच बदलत नाही, फक्त सांगतं. उत्तर वाचा. 'फ्री ब्लॉक्स काउंट राँग', 'ऑर्फन्ड आयनोड' अशा मोजक्या ओळी म्हणजे वीज गेल्यानंतरची नेहमीची पडझड. तेव्हा '-एन' च्या जागी '-वाय' देऊन दुरुस्त करा. शेकडो ओळी वाहत असतील, 'मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स' म्हणजे एकाच जागेवर दोन फाइलींचा दावा दिसत असेल, किंवा मूळ फोल्डरच फोल्डर नाही असं सांगत असेल, तर '-वाय' देऊ नका. आधी 'डीडीरेस्क्यू' नं अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवा आणि दुरुस्ती त्या प्रतिमेवर करा. मूळ डिस्क बाजूला ठेवा.

मशीन 'इनिटरॅमएफएस' वर अडलं असेल तर तिथूनही एफएससीके चालतं. पडद्यावर कुठल्या विभाजनाबद्दल तक्रार आहे ते वाचा, त्याचं नाव देऊन 'एफएससीके' चालवा आणि झाल्यावर 'एक्झिट' लिहा. डेटाची प्रत आधीपासून आहे, अशा ठिकाणीच हे करा. दुरुस्तीनंतर 'लॉस्ट+फाउंड' फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाच्या फाइली दिसतील. त्या तुमच्याच फाइली आहेत, नाव हरवलेल्या. 'फाइल' ही आज्ञा दिली की ती चित्र आहे, दस्तऐवज आहे की अजून काही, ते कळतं.

रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर बहुधा एक्सएफएस ही वेगळी फाइलसिस्टीम असते. तिथे एफएससीके काहीच करत नाही, 'एक्सएफएस_रिपेअर' लागतं. त्याला '-एल' (एल मोठ्या लिपीतला) हा पर्याय देण्याआधी हजारदा विचार करा, तो लॉग पुसून टाकतो आणि त्यातलं अर्धवट काम कायमचं जातं. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर 'चेक --रिपेअर' जाणकाराशिवाय नकोच.

दुरुस्ती टिकली की नाही हे आठवडाभर बघा. पुन्हा रीड-ओन्ली झालं आणि वीज, केबल, डिस्क तिन्ही निर्दोष ठरली असतील, तर उरतात रॅम आणि एसएमपीएस. मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅमची पट्टी काढा. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच त्याची चाचणी.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर त्याच क्षणी वीज बंद करा. प्रत काढायलासुद्धा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक मिनिटाला आतली तबकडी ओरखडली जात असू शकते आणि डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. हे काम धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे.

बायोसमध्ये डिस्क दिसतच नसेल, वीज पडल्यानंतर जळका वास येत असेल, १९७ चा आकडा तासातासानं वाढत असेल, रेडमधल्या (एकत्र जोडलेल्या डिस्कांच्या संचातल्या) एकाहून जास्त डिस्क एकदम गेल्या असतील, किंवा डिस्क एन्क्रिप्ट केलेली असून पासवर्ड बरोबर असताना उघडत नसेल, तर हात लावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं : सभासदांच्या ठेवी, देवस्थानाच्या देणग्या, शाळेचे दाखले असं काही त्या डिस्कवर असेल आणि दुसरी प्रत कुठेही नसेल, तर वर लिहिलेलं '-वाय' पासूनचं काहीही स्वतः करू नका. मी स्वतःही अशा डिस्कला आधी प्रतिमा काढल्याशिवाय हात लावत नाही.

मशीन दुरुस्तीला देताना डीमेसेजचे फोटो आणि स्मार्टसीटीएलचे आकडे सोबत द्या. पावतीवर स्वच्छ लिहून घ्या की परवानगीशिवाय डिस्क फॉरमॅट करायची नाही आणि त्यावर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची नाही. नुसतं तोंडी सांगू नका. काउंटरवर घेणारा एक असतो आणि आत दुरुस्त करणारा दुसरा.